लायब्ररी दुसऱ्याची, डिलिव्हरी आपली

डॅनियल स्टेनबर्ग हे स्वीडनमधले प्रोग्रामर. इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणारी 'कर्ल' ही लायब्ररी त्यांनी लिहिली आणि पंचवीसहून अधिक वर्षे ते ती सांभाळत आहेत. त्यांना अधूनमधून अनोळखी माणसांचे ईमेल येतात. गाडीतला स्क्रीन नीट चालत नाही, काय करू, अशी विचारणा असते. स्टेनबर्ग यांचा त्या गाडीशी काडीचाही संबंध नसतो. गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्ल असते, आणि प्रत्येक प्रतीसोबत लेखकाचे नाव व परवान्याचा मजकूर गेला पाहिजे अशी कर्लच्या परवान्याची अट आहे. गाडी बनवणाऱ्या कंपनीने ती पाळलेली असते. वैतागलेला मालक मेनू चाळत शेवटच्या पानापर्यंत जातो आणि तिथे सापडलेल्या एकमेव ईमेलवर आपली तक्रार लिहून मोकळा होतो.

कर्ल फुकट मिळते, तरी तिला अट आहे. ती अट गाडी कंपनीच्या कार्यालयात लागू झाली नाही, गाडी ग्राहकाच्या हाती गेली तेव्हा लागू झाली. दुसऱ्याची लायब्ररी आपल्या उत्पादनात घालून ग्राहकाला देताना जे परवान्याचे प्रश्न उभे राहतात, त्यांचे मूळ इथे आहे. सॉफ्टवेअर वापरणे ही एक गोष्ट, ते पुढे देणे ही दुसरी. बहुतेक घोळ या दोन गोष्टी एक समजल्यामुळे होतात.

दाराबाहेर पडणारी प्रत

भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणक प्रोग्रामला साहित्यकृती मानतो. कादंबरीकाराला जे संरक्षण, तेच लायब्ररी लिहिणाऱ्याला. प्रत काढण्याचा आणि प्रती लोकांना देण्याचा हक्क लेखकाचा. आपल्याला मिळते ते त्याने परवान्यातून दिले असेल तेवढेच. म्हणून गिटहबवर सर्वांना दिसणारा, पण परवान्याची फाईल नसलेला कोड वाचायला मोकळा असला तरी वाटायला बंद असतो. स्टॅक ओव्हरफ्लोवरून उचललेल्या उत्तरालाही क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लागू असतो: श्रेय द्या आणि त्याच अटींवर पुढे द्या.

कंपनीच्या आत सॉफ्टवेअर चालवण्यावर खुल्या परवान्यांची सहसा हरकत नसते. जीपीएल या परवान्याची दुसरी आवृत्ती तर प्रोग्राम चालवण्यावर बंधन नाही असे स्पष्टच म्हणते. जबाबदारी सुरू होते ती प्रत दाराबाहेर पडल्यावर. आणि आज ही दारे मोजायला दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत. इन्स्टॉलर, मोबाइल ॲप, राउटरमधले फर्मवेअर हे उघड मार्ग. वेबसाइट उघडताच ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये उतरणारी जावास्क्रिप्ट हीसुद्धा प्रतच. सेवा देणाऱ्या कंपनीने करारानुसार क्लायंटच्या हवाली केलेला सोर्स कोडही प्रतच.

सर्वांत दुर्लक्षित दार म्हणजे कंटेनर. डॉकरफाईलच्या पहिल्या ओळीत अल्पाइन लिनक्सचे नाव लिहिले, आपला कोड त्यावर ठेवला आणि तयार इमेज ग्राहकाला पाठवली, की आपल्या कोडसोबत अल्पाइनमधला बिझीबॉक्स हा आज्ञांचा संचही गेला. बिझीबॉक्स जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, म्हणजे त्याचा सोर्स देण्याची जबाबदारीही सोबत आली. टीममध्ये कोणी बिझीबॉक्सचे नाव घेतलेले नसते. तो त्या पहिल्या ओळीतून आत आलेला असतो.

नाव घातलेली भांडी

परवान्यांचे पहिले घराणे मोकळ्या हाताचे: एमआयटी, बीएसडी, अपाची. यांचा कोड बंद उत्पादनात घाला, विका, सोर्स देऊ नका, चालते. एमआयटी परवान्याची अट एका वाक्यात मावते: कॉपीराइटची ओळ आणि हा मजकूर प्रत्येक प्रतीत असू द्या.

गावाकडे कार्य निघाले की शेजारपाजारची पातेली-पराती मांडवात येतात. कोणी भाडे मागत नाही. पण प्रत्येक भांड्यावर नाव घातलेले असते आणि ते खरवडून काढायचे नसते. या परवान्यांचे तेवढेच म्हणणे आहे, आणि मोडली जाते तीही बहुतेक हीच अट. वाईट हेतू क्वचितच असतो. जावास्क्रिप्टची फाईल लहान करणारे साधन वरच्या टिप्पण्या काढून टाकते, आणि लेखकाचे नाव त्यांच्याबरोबर जाते. फुकट काम करणाऱ्या माणसाला मिळणारा एकमेव मोबदला आपल्या बिल्डच्या एका पायरीत पुसला जातो. मला ही गोष्ट किरकोळ वाटत नाही.

या घराण्यातही बारकावे आहेत. बीएसडीच्या जुन्या परवान्यात जाहिरातीतही विद्यापीठाचे श्रेय द्या अशी अट होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाने ती १९९९ मध्ये काढली, पण जुन्या मजकुराच्या फाईली अजून फिरत असतात. जानेवारी २००४ मध्ये आलेला अपाची २.० पेटंटचा हक्कही देतो, आणि त्या कोडवरून तुम्हीच पेटंटचा दावा लावलात तर तो हक्क काढून घेतो. मूळ प्रकल्पाने 'नोटिस' नावाची फाईल दिली असेल तर त्यातली श्रेयनामावलीही पुढे द्यावी लागते आणि बदललेल्या फाईलींवर तशी नोंद करावी लागते. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अपाची २.० चा कोड जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळतो, दुसरीशी जुळत नाही. म्हणजे दोन्ही लायब्ऱ्या एकेकट्या निर्दोष असल्या, तरी एकाच प्रोग्राममध्ये घालून देताना अडचण होऊ शकते.

पुढच्याच्या हक्काचे घराणे

दुसरे घराणे जीपीएलचे. रिचर्ड स्टॉलमन यांनी आपण दिलेले स्वातंत्र्य वाटेत कोणी अडवू नये म्हणून १९८९ मध्ये या परवान्याची पहिली आवृत्ती काढली. दुसरी १९९१ मध्ये आणि तिसरी २००७ मध्ये आली. ज्याला बायनरी दिली त्याला तिचा पूर्ण सोर्स, बिल्डच्या स्क्रिप्टसह, मिळाला पाहिजे, हा या परवान्याचा गाभा.

याबद्दल दोन गैरसमज घट्ट बसले आहेत. पहिला, जीपीएलचे सॉफ्टवेअर विकता येत नाही. खुशाल विकता येते. दुसरा, सोर्स साऱ्या जगाला द्यावा लागतो. सोर्स बायनरीसोबतच दिला तर तो त्या ग्राहकाला दिला की पुरे. मात्र त्याने तो पुढे दिल्यास आपला गोपनीयतेचा करार त्याला रोखू शकत नाही. दुसरी आवृत्ती आणखी एक मार्ग देते: निदान तीन वर्षे कोणीही मागितल्यास सोर्स देऊ, अशी लेखी हमी. हा मार्ग सोपा वाटतो, पण तीन वर्षांनी तोच बिल्ड पुन्हा उभा करता येईल का, हे हमी देणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे. तिसऱ्या आवृत्तीने घरगुती उपकरणांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मागितली: बदललेले सॉफ्टवेअर त्याच उपकरणावर बसवण्यासाठी लागणारी माहिती. चूक सुधारायला वावही दिला: पहिल्यांदाच चूक झाली असेल आणि सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त केली, तर हक्क कायमचे परत मिळतात. दुसऱ्या आवृत्तीत अट मोडताच हक्क आपोआप संपतात.

२००७ मध्येच आलेल्या एजीपीएलने 'देणे' या शब्दाची सीमा हलवली. बदललेला प्रोग्राम नेटवर्कवरून वापरू दिला तरी त्या वापरकर्त्यांना सोर्स द्यावा लागतो. पीडीएफ तयार करणारी आयटेक्स्ट ही लायब्ररी पाचव्या आवृत्तीपासून एजीपीएलखाली आली. जुन्या आवृत्त्यांचा परवाना सैल होता. आवृत्तीचा आकडा वाढवणाऱ्या इंजिनिअरच्या हातून परवानाही बदलला गेला. मोंगोडीबी २०१८ मध्ये, हॅशिकॉर्प २०२३ मध्ये आणि रेडिस २०२४ मध्ये खुल्या परवान्यांपासून दूर गेले. रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय पुन्हा दिला. परवाना लायब्ररीच्या नावाला चिकटलेला नसतो, आवृत्तीला असतो. यादीत दोन्ही लिहायला हवेत.

जोडणीचा प्रश्न

या दोन घराण्यांच्या मधला पूल म्हणजे एलजीपीएल. बंद उत्पादनाने एलजीपीएलची लायब्ररी वापरावी, पण ग्राहकाला लायब्ररीची स्वतःची सुधारलेली आवृत्ती त्या जागी बसवता आली पाहिजे, असा तिचा व्यवहार. लायब्ररी वेगळ्या फाईलीत, म्हणजे डायनॅमिक लिंकिंगने जोडली तर हे सहज जमते. ती आपल्याच एक्झिक्युटेबलमध्ये मिसळली, म्हणजे स्टॅटिक लिंकिंग केले, तर ग्राहकाला पुन्हा जोडणी करता यावी म्हणून आपल्या ऑब्जेक्ट फाईली द्याव्या लागतात. एमपीएल या परवान्याची रीत याहून सुटसुटीत आहे: त्या परवान्याखालच्या ज्या फाईली आहेत, बदललेल्या असोत वा नसोत, तेवढ्यांचाच सोर्स द्या.

एलजीपीएल २.१ मधली एक अट वकिलांच्याही नजरेतून सुटते. ग्राहकाला आपल्या वापरासाठी बदल करण्याची आणि त्या बदलांतले दोष शोधण्यासाठी रिव्हर्स इंजिनिअरिंगची मुभा आपल्या करारात असली पाहिजे. आणि बहुतेक कंपन्यांच्या ठरीव करारात काय असते? 'रिव्हर्स इंजिनिअरिंगला सक्त मनाई.' इंजिनिअरने डायनॅमिक लिंकिंगची काळजी घेतली, आणि करारातल्या एका जुन्या ओळीने ती वाया घालवली.

व्हिडिओ हाताळणारी एफएफएमपेग ही लायब्ररी हा प्रश्न जवळून दाखवते. मूळ रूपात ती एलजीपीएल. बिल्ड करताना एक्स-२६४ हा एन्कोडर हवा म्हणून जीपीएलचा पर्याय चालू केला, की ती सगळी लायब्ररी जीपीएल होते. 'नॉन-फ्री' हा पर्याय चालू केला, तर तयार झालेली बायनरी कोणाला देताच येत नाही, स्वतःपुरती वापरावी. लायब्ररीचे नाव तेच आणि आवृत्तीही तीच, पण कॉन्फिगरेशनच्या एका शब्दाने तीन वेगळे निकाल. कोणीतरी तयार करून ठेवलेली बायनरी उचलून पॅकेजमध्ये टाकणाऱ्याला हे कळणार कसे?

निव्वळ जीपीएलची लायब्ररी डायनॅमिक लिंकिंगने बंद प्रोग्रामला जोडली तर? फाउंडेशनच्या मते दोन्ही मिळून एकच कृती होते आणि सगळ्याला जीपीएल लागू होतो. काही कायदेपंडितांना हे मान्य नाही. या वादावर स्वतःच्या ग्राहकाचे उत्पादन टांगून ठेवू नये, एवढाच व्यवहार्य सल्ला.

पैसे मोजले म्हणून सुटका नाही

विकत घेतलेल्या लायब्ऱ्यांबद्दल टीम निर्धास्त असते, आणि तिथेच फसते. अनेक व्यावसायिक लायब्ऱ्या दर डेव्हलपरमागे विकल्या जातात. उत्पादनासोबत जाणारा रनटाइम मोफत असतो, पण त्यात काय काय मोडते याची यादी वेगळी असते. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ च्या ज्या फाईली पुढे देता येतात त्यांचीही अशी यादी आहे, आणि डीबग बिल्डच्या, नावाच्या शेवटी 'डी' असलेल्या डीएलएल तीत बसत नाहीत. ग्राहकाच्या मशीनवर प्रोग्राम उघडेना म्हणून कोणीतरी आपल्या मशीनवरून नेमकी तीच फाईल कॉपी करून पाठवतो.

सेवा कंपन्यांची अडचण आणखी वेगळी. आपल्या डेव्हलपरांसाठी ग्रिड आणि चार्टची लायब्ररी घेतली, प्रकल्प पूर्ण केला, सोर्स क्लायंटला दिला. क्लायंटच्या माणसाने बिल्ड केला तर परवाना नाही असा संदेश येतो, कारण परवाना आपल्या माणसांच्या नावावर आहे. क्लायंटला वाटते आपण सर्व हक्क विकत घेतले. आपल्याकडे नव्हतेच ते हक्क आपण करारात देऊन बसलेलो असतो. ही गोष्ट शेवटच्या आठवड्यात न सांगता कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहावी.

निकाल काय सांगतात

हे सगळे कागदावरचे आहे असे मानणाऱ्यांसाठी काही प्रकरणे. २००३ मध्ये लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी-५४जी या राउटरमध्ये लिनक्स असल्याचे जाणकारांच्या लक्षात आले. सोर्स दिलेला नव्हता. चिप एका कंपनीची, फर्मवेअरचे काम आणखी कोणाकडे, आणि सिस्कोने त्याच वर्षी लिंकसिस विकत घेतलेली. साखळीत चूक कोणाचीही असो, जाब विचारला गेला तो खोक्यावर नाव असलेल्याला. सोर्स खुला झाला आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प वाढला. पुढे फाउंडेशनने २००८ मध्ये सिस्कोवर दावा लावला. २००९ मध्ये तडजोड झाली.

अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने २००८ मध्ये जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात मूलभूत गोष्ट स्पष्ट केली. वाद मॉडेल रेल्वेच्या सॉफ्टवेअरचा होता; फाईली घेताना लेखकांची नावे गाळली होती. फुकट दिलेल्या कोडच्या अटीसुद्धा कॉपीराइटच्या जोरावर राबवता येतात, असे न्यायालयाने म्हटले. २०१० मध्ये बिझीबॉक्सच्या प्रकरणात वेस्टिंगहाउस डिजिटल या टीव्ही कंपनीला ९०,००० डॉलर भरपाई द्यायला आणि परवाना मोडून बनवलेले टीव्ही सुपूर्द करायला सांगण्यात आले.

आपल्या विषयाला सर्वांत जवळचे प्रकरण फ्रान्समधले. आँत्रूव्हेर या छोट्या कंपनीने 'लासो' नावाची ओळख-पडताळणीची लायब्ररी लिहिली: जीपीएलखाली घ्या, नाहीतर व्यावसायिक परवाना विकत घ्या. ऑरेंज या दूरसंचार कंपनीने ती सरकारी पोर्टलच्या कामात घालून सरकारला दिली. २०११ मध्ये सुरू झालेला दावा खालच्या न्यायालयात फेटाळला गेला, सर्वोच्च पातळीवर २०२२ मध्ये परत उभा राहिला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने लाखो युरोंची भरपाई मंजूर केली. दुसऱ्याची लायब्ररी, आपले कंत्राट आणि समोर मोठा ग्राहक: आपल्याकडे रोज घडणारा हाच व्यवहार तेरा वर्षे न्यायालयात राहिला.

जर्मनीत एका राउटरच्या ग्राहकाने २०२३ मध्ये एव्हीएम कंपनीविरुद्ध दावा लावला. एलजीपीएलच्या भागांचा सोर्स अपुरा होता, बदललेली लायब्ररी बसवण्याच्या स्क्रिप्ट नव्हत्या. कंपनीने अखेर त्या दिल्या. या दाव्यात दाद मागणारा लायब्ररीचा लेखक नव्हता; पैसे देऊन खोके घरी नेणारा माणूसही हक्काने उभा राहिला, हे मला महत्त्वाचे वाटते. परवाना त्याच्यासाठीच तर लिहिलेला आहे.

पुण्यातून होणारी डिलिव्हरी

पुणे, मुंबई, नागपूरमधल्या कंपन्या परदेशी ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर लिहितात, तेव्हा दिलेल्या कामात कोणाचाही हक्क डावललेला नाही, डावलला असेल तर नुकसान आम्ही भरून देऊ, असे कलम करारात हमखास असते. विक्री विभाग त्यावर सही करतो. ती सही खरी ठरवण्याचे काम कोपऱ्यात बसलेल्या बिल्ड इंजिनिअरचे असते आणि त्याने ते कलम पाहिलेलेही नसते.

कायदाही दूर नाही. कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ लेखकाला आपले लेखकत्व सांगण्याचा हक्क देते. जाणूनबुजून बेकायदा प्रत संगणकावर वापरणाऱ्याला कलम ६३-ब नुसार ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. म्हणजे आपली चूक माहीत असूनही सॉफ्टवेअर चालवत राहिलेला आपला ग्राहकही अडचणीत येऊ शकतो. २ मार्च २०२१ च्या इंजिनिअरिंग ॲनालिसिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न कराचा होता, पण निकालाने भेद स्वच्छ मांडला: सॉफ्टवेअरची प्रत मिळणे म्हणजे तिच्यातला कॉपीराइट मिळणे नव्हे.

आणखी एक दबाव सुरक्षेच्या बाजूने आला. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या जावा लायब्ररीत गंभीर त्रुटी सापडली, तेव्हा जगभरच्या कंपन्यांना एकच प्रश्न पडला: ही आपल्याकडे कुठे कुठे आहे? उत्तर द्यायला यादीच नव्हती. त्यानंतर सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी, म्हणजे एसबॉम, मागण्याची रीत पक्की होत गेली. एसपीडीएक्स या यादीच्या स्वरूपाला २०२१ मध्ये आयएसओचे मानांकन मिळाले. भारतात सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये एसबॉमची मार्गदर्शक तत्त्वे काढली. परवान्याचे काम आणि सुरक्षेचे काम एकाच यादीवर चालते, ही इंजिनिअरांसाठी चांगली बातमी आहे.

यादीपासून सुरुवात

एका ग्राहकाने आमच्या टीमकडे अशी यादी मागितली तेव्हा आम्ही आठवून पानभर नावे लिहिली. मग स्कॅनर चालवला. लायब्ररीच्या आत लायब्ररी, तिच्या आत आणखी तिसरी, अशी पाने उलगडत गेली. त्यात एक झिप फाईल निघाली. ती कोणी आणली हे कोणालाच सांगता येईना. ती काढून टाकायला एक दिवस पुरला, पण ती वर्षानुवर्षे ग्राहकांकडे जात होती.

तेव्हापासून मी एवढे धरून आहे. यादी माणसाच्या आठवणीवर नको, बिल्डनेच ती प्रत्येक रिलीजला काढावी. नाव, आवृत्ती, परवाना आणि जोडणीची पद्धत तीत असावी. नवी लायब्ररी आत घेतानाच परवाना पाहावा, कारण डिझाइन ठरताना पर्याय बदलणे सोपे आणि डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी अशक्य. श्रेयाची फाईल पॅकेजमध्ये आपोआप जावी. जीपीएल-एलजीपीएलच्या भागांचा सोर्स त्या त्या रिलीजसोबत जपून ठेवावा आणि दुसऱ्या कोणाकडून तो एकदा बिल्ड करून पाहावा. ग्राहकाशी होणारा करार इंजिनिअरने आणि यादी वकिलाने, निदान एकदा, शेजारी बसून वाचावी.

यातले कुठलेच काम अवघड नाही. ते राहून जाते, कारण लायब्ररी आणायला एक आज्ञा पुरते आणि आणल्याची जाणीव कोणालाच होत नाही. पण ती ग्राहकाला देणारे आपण असतो. तिचा लेखक दूर कुठेतरी आहे, ग्राहक समोर आहे, आणि दोघांनाही एकमेकांचे नाव माहीत नाही. लेखकाचे नाव ग्राहकापर्यंत आणि ग्राहकाचा हक्क त्याच्या हातात पोचवणारा माणूस मध्ये एकच उभा असतो, पॅकेज बांधणारा. पॅकेजवर आपली मोहर मारण्याआधी आत काय आहे ते त्याला माहीत असलेच पाहिजे.